शंभर फील्ड

“बाई, ह्यात थुकायचं का?”

डबी हातात दिली की दहातले आठ जण हेच विचारायचे. मी म्हणायची, थुंकायचं नाही, बेडका काढायचा. बाहेर त्या लिंबाखाली जा, लोकांपासून लांब उभे राहा, चूळ भरा, दोन-तीनदा छाती भरून श्वास घ्या आणि आतून खोका. माणूस मान डोलवायचा, लिंबाखाली जायचा आणि डबीत फेसाळ थुंकी घेऊन परत यायचा. बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं काढली. त्यातली किती वर्षं थुंकी आणि बेडका यांतला फरक सांगण्यात गेली याचा हिशेब मांडला तर माझं मलाच हसू येईल.

थुंकी तोंडातली, बेडका फुफ्फुसातला. थुंकी काचेवर पाण्यासारखी पळते. बेडका पिवळट, काडीनं उचलला तर तार धरतो. काडी म्हणजे खराट्याचीच, टोक ठेचून मऊ केलेली. त्या काडीनं काचपट्टीवर, म्हणजे स्लाइडवर, तीन सेंटिमीटर लांब आणि दोन रुंद असा थर पसरायचा. वाळला की खाली वर्तमानपत्र धरून बघायचं. त्या थरातून अक्षरं वाचता आली पाहिजेत. वाचता आली नाहीत तर थर जाड, फारच लख्ख दिसली तर पातळ. सहा महिने गेले माझा हात बसायला. मग स्लाइड ज्योतीवरून तीन-चारदा फिरवायची, वर कार्बोल फुक्सिनचा लाल रंग ओतायचा, खालून वाफ येईपर्यंत तापवायचं, पण उकळू द्यायचं नाही, पाच मिनिटं थांबायचं. धुवायचं. पंचवीस टक्क्यांचं सल्फ्युरिक आम्ल ओतायचं. पुन्हा धुवायचं, आणि शेवटी अर्धा मिनिट मिथिलिन ब्लू.

आम्लानं सगळ्यांचा लाल रंग उतरतो. बेडक्यातल्या पेशींचा, तोंडातल्या इतर जंतूंचा, सगळ्यांचा. क्षयाच्या जंतूचा मात्र उतरत नाही. त्याच्या अंगावर मेणासारख्या स्निग्ध पदार्थाचा जाड थर असतो. गरम केल्याशिवाय त्यातून रंग आत शिरत नाही, आणि एकदा शिरला की आम्लालाही बाहेर काढता येत नाही. म्हणून निळ्या पार्श्वभूमीवर लाल, बारीक, किंचित बाक आलेली काडी दिसते. कधी एकटी, कधी दोन-तीन एकमेकींना टेकलेल्या. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी सरांना हाक मारली. ते येईपर्यंत माझा हात स्क्रूला लागला आणि काडी हरवली. परत सापडायला वीस मिनिटं गेली. सर म्हणाले, “सवय करून घ्या. लपणं हाच त्याचा धंदा आहे.”

तेव्हा वाटलं, सर उगाच नाटकी बोलतायत. पण बोलणं खरं होतं, आणि मला वाटलं त्यापेक्षा कितीतरी पटीनं.

डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या पदविकेच्या, वर्षात आम्हाला शिकवलं होतं ते असं: जंतू शरीरात शिरला की पांढऱ्या पेशी येतात, त्याला गिळतात, पचवतात. फळ्यावर चित्र काढायला सोपं. गोल पेशी, तिच्या तोंडात काळा ठिपका. हे गिळणं प्रथम ओळखलं ते मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानं, १८८२ मध्ये, सिसिलीतल्या मेसिना गावी, तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाला काटा टोचून. त्याच वर्षी २४ मार्चला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. चोर आणि पहारेकरी एकाच वर्षी उजेडात आले म्हणायचे. आम्लानं धुऊनही या जंतूचा रंग टिकतो हे पॉल एर्लिखनं त्याच सुमाराला दाखवलं. झील आणि नीलसन यांची नावं आम्ही रोज घेतो, कारण त्यांनी पद्धतीत सुधारणा केली. मूळ कल्पना एर्लिखची. पुढे काही वर्षांनी एर्लिखला स्वतःच्याच बेडक्यात हे जंतू सापडले. इजिप्तच्या कोरड्या हवेत राहून तो बरा झाला आणि १९०८ चं नोबेल त्याला मेचनिकॉफबरोबर विभागून मिळालं. स्वतःचा बेडका स्वतःच रंगवणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल, हे मी कितीतरी वेळा स्लाइड तापवताना मनात आणलंय.

तर गिळणं. क्षयाच्या जंतूची गंमत ही की तो गिळला जाणं टाळत नाही. बाकीचे बरेच जंतू टाळतात. न्यूमोकॉकस, न्यूमोनियावाला, अंगाभोवती साखरेच्या जातीचं बुळबुळीत वेष्टण घेतो. पेशीला त्याला धरताच येत नाही, ओल्या साबणासारखा निसटतो. गळवातला स्टॅफिलोकॉकस वेगळा. त्याची परीक्षा आम्ही नळीत करायचो: प्लाझ्मात तो मिसळायचा, सदतीस अंशांवर चार तास ठेवायचं आणि नळी तिरकी करायची. दही लागावं तसं आतलं घट्ट झालेलं असायचं. शरीरातही तो असंच स्वतःभोवती रक्त गोठवून घेतो आणि आत बसतो. शिवाय त्याच्या अंगावर एक प्रथिन असतं, ते अँटिबॉडीला शेपटीकडून धरतं. अँटिबॉडी डोक्याकडून जंतूला चिकटते आणि शेपूट पांढऱ्या पेशीला दाखवते, असा शरीराचा हिशेब. शेपूटच जंतूच्या हातात गेल्यावर पेशीला दाखवायला काही उरत नाही. हुशार आहे, पण आडदांड हुशारी. चार दिवसांत गळू पिकतं, फुटतं, निकाल लागतो.

क्षयाचा जंतू शांतपणे आत जातो. फुफ्फुसाच्या टोकाला हवेच्या बारीक पिशव्या असतात, तिथं मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पेशी झाडलोट करत फिरत असतात. ती पेशी त्याला गिळते आणि एका पिशवीत बंद करते. नियमाप्रमाणे आता दुसऱ्या पिशव्या, ज्यांत पाचक रस भरलेले असतात, त्या येऊन या पिशवीला मिळायच्या आणि आतल्याचा फडशा पडायचा. १९७१ मध्ये लंडनच्या मिल हिल इथल्या संस्थेत आर्मस्ट्राँग आणि हार्ट या दोघांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की पिशवीतला जंतू मेलेला किंवा जखमी असेल तर पाचक पिशव्या येऊन मिळतात, धडधाकट असेल तर बहुतेक मिळतच नाहीत. जवळ येऊन थांबतात. जंतू आतून काहीतरी करतोय, हे उघड झालं. आता त्यातलं बरंच कळलंय: त्याच्या अंगावरचेच स्निग्ध पदार्थ, त्यानं सोडलेली काही प्रथिनं, पेशीच्या आतल्या निरोपानिरोपीत खोडा घालतात. पिशवीत आम्ल सोडणारे पंपसुद्धा पोचू देत नाहीत. आम्लता पीएच पाचच्या खाली जायची, ती सव्वासहाच्या आसपास अडकते. म्हणजे जवळजवळ साध्या पाण्याइतकी सौम्य.

चार वर्षांनी त्याच दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली. जंतूंना आधी अँटिबॉडी असलेल्या रक्तद्रवात बुचकळून दिलं तर पाचक पिशव्या येऊन मिळतात. पण तरीही बरेच जंतू मरत नाहीत! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत मागे रेलले होते. एक डाव फसला तर दुसरा तयार, आणि दुसरा म्हणजे तेच मेणाचं कवच. ज्याच्या जिवावर तो आत टिकतो, त्याच कवचानं माझा लाल रंग धरून ठेवतो. त्याचं कवच नसतं तर माझी नोकरी नसती.

हार्टसाहेबांबद्दल एक जाता जाता. १९०० साली जन्मलेला हा माणूस २००६ पर्यंत जगला. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या गाजलेल्या चाचणीतही त्याचा हात होता. क्षयाच्या जंतूचा अभ्यास करायचा तर आयुष्य असंच लांब पाहिजे. कारण आपल्या आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, याला त्यासाठी वीसेक तास लागतात. कल्चर लावलं तर अंड्याच्या त्या हिरव्या माध्यमावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खरबरीत वाढ दिसायला कित्येक आठवडे जातात. निगेटिव्ह म्हणायचं तर आठ आठवडे थांबायचं. त्याला घाई नाही. घाई सगळी आपल्याला.

आणि आता माझ्या घाईची गोष्ट.

२००८ सालचा दसरा होऊन गेला होता. आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायची तयारी. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ट्रॅक्टर दाराशी, पोरं-कोंबड्या-पत्र्याचे डबे वर चढवलेले. जायच्या आधी दवाखान्याची कामं उरकून घ्यायला गर्दी व्हायची. त्या दिवशी माझ्यापुढे अठ्ठावीस स्लाइडी होत्या. दिवसाला पंचवीसच्या वर बघू नयेत असं सांगतात, कारण डोळा थकतो. शिवाय लोडशेडिंग. दुपारी लाइट गेले की मी आरसा लावून खिडकीच्या उजेडात बघायची.

स्लाइड निगेटिव्ह आहे असं लिहायचं तर शंभर फील्ड बघायची असतात. फील्ड म्हणजे तेल लावलेल्या मोठ्या भिंगातून एका वेळी दिसणारं गोल वर्तुळ. ते बघून झालं की स्लाइड जरा सरकवायची, पुढचं. प्रत्येक फील्डमध्ये दहापेक्षा जास्त जंतू असतील तर थ्री प्लस, वीस फील्डांत काम संपतं. शंभर फील्डांत मिळून एक ते नऊ सापडले तर आकडा लिहायचा, त्याला आम्ही स्कँटी म्हणतो. एकही नसेल तरच निगेटिव्ह. म्हणजे थ्री प्लस एका मिनिटात कळतो, आणि खरा वेळ जातो तो काहीच नसलेल्या स्लाइडवर. काहीच नाही हे बघत बसणं किती अवघड असतं, ते बसल्याशिवाय कळायचं नाही.

पंचविशीची एक बाई होती. तीन आठवडे खोकला, संध्याकाळी अंग तापायचं. पहिल्या दिवशीची डबी थुंकीचीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी घरून आणलेली बरी होती. तेव्हा तीन नमुने घेत असू, पण तिसऱ्यासाठी ती थांबली नाही, ट्रॅक्टर निघाला होता. दोन्ही स्लाइडी मी निगेटिव्ह लिहिल्या. दुसरी बघताना शंभर झाली नाहीत. साठ झाली असतील. मला हे नक्की आठवतं, कारण साठाव्याच्या आसपास उजेड गेला, मी मान वर केली, बाहेर आभाळ आलं होतं, आणि मी पुढची स्लाइड घेतली.

पाडव्याच्या आगेमागे टोळ्या परतल्या. ती आली तेव्हा मी ओळखलं नाही. गालाची हाडं वर आलेली, आवाज बसलेला. सोबत चार वर्षांचा मुलगा, त्याच्या मानेला गाठी. तिची स्लाइड थ्री प्लस. मी रजिस्टरमध्ये लाल शाईनं लिहिलं, पॉझिटिव्ह लालच लिहायचं असतं, आणि दुपारी जुन्या स्लाइडींची पेटी काढली. तपासून झालेल्या पेट्या रिकाम्या करायचं राहून गेलं होतं, म्हणून ती स्लाइड तिथंच होती. रंग उन्हाळ्यानं फिका पडला होता. झायलिननं तेल काढलं, पुन्हा रंगवली आणि मोजत बसले. चौऱ्याहत्तराव्या फील्डमध्ये एक काडी होती. ब्याण्णवाव्यात दोन, जोडीनं. शेवटाकडे आणखी एक. स्कँटी चार.

पर्यवेक्षकांना मी स्वतः फोन केला. ते म्हणाले, “स्कँटीची चूक आहे बाई, रिपोर्टिंगमध्ये ती मायनर धरतात.” खरंच धरतात. थ्री प्लस सुटला तर मोठी चूक, स्कँटी सुटला तर लहान. नियम म्हणून बरोबर आहे, कारण स्कँटी कोणाच्याही नजरेतून सुटू शकतो. सूक्ष्मदर्शकाला दिसायलाच एक मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात, त्याहून कमी असले तर शंभर काय, दोनशे फील्ड बघूनही कदाचित दिसणार नाहीत. हे सगळं मला पाठ होतं. पण मी शंभर बघून चुकले नव्हते. साठ बघून चुकले होते.

काही दिवसांनी गोळ्या न्यायला आली तेव्हा मी तिला सांगितलं, की तुझ्या त्या वेळच्या बेडक्यात होते, माझ्याकडून सुटले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तवा सांगितलं असतं तरी गेलेच असते बाई. उचल घेतली व्हती.” मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरंच तसं होतं, कोण जाणे. दोन्ही असेल. मला मात्र त्यानं बरं वाटलं नाही.

त्यानंतर हा जंतू मला वेगळा दिसू लागला. तो शक्तीनं जिंकत नाही. त्याच्याकडे पटकीसारखं विष नाही, धनुर्वातासारखं नाही. तो फक्त अर्धवट राहिलेल्या कामावर जगतो. पेशी गिळते आणि पचवायचं राहतं. त्याच्याभोवती पेशी गोळा होऊन गाठ बांधतात, त्याला कोंडतात, पण मारून टाकायचं राहतं. अशी गाठ सुईनं तपासली तर आत खव्यासारखा पांढरट भुगा निघतो. त्यात तो वर्षानुवर्षं पडून राहू शकतो. आमच्याकडे पूर्वी ज्वारी पेवात ठेवायचे, जमिनीखाली, वर माती लिंपून. आत काय आहे याचा वरून पत्ता लागत नसे. जगातल्या सुमारे पाव लोकांच्या अंगात असं पेव आहे असा अंदाज आहे. त्यांतल्या शंभरातल्या पाच-दहांचं कधीतरी फुटतं, बाकीचे म्हातारे होऊन दुसऱ्याच कशानं जातात.

माझ्याही अंगात असेल. प्रशिक्षणात आमची माँटू चाचणी केली होती, हातावर कातडीत सुई टोचून. तिसऱ्या दिवशी सुजलेला कडक भाग मोजला, सोळा मिलिमीटर. दहाच्या वर म्हणजे शरीराची आणि जंतूची गाठ पडलेली आहे. नवरा म्हणाला, म्हणजे तू आजारी? मी म्हटलं, नाही, ओळख आहे फक्त.

रुग्णाच्या बाबतीतही तेच, अर्धवट. सुरुवातीचे दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं, आणि माणूस म्हणतो, झालं. पण तोवर मेलेले असतात ते भराभर वाढणारे. उरलेले संथ, पेवातले. त्यांच्यासाठीच उरलेले महिने असतात. आमच्या भागात याला पंचांग आडवं येतं. पाडव्याला निदान झालं तर दसऱ्याच्या आत कोर्स पुरा होतो, माणूस कारखान्याला जायला मोकळा. निदान दसऱ्याला झालं तर मात्र पंचाईत. फडावर खोप, पहाटे तीनला बैलगाडी भरायला उठायचं, गोळ्यांची पाकिटं तिकडच्या केंद्राला कळवायची, टोळी पंधरा दिवसांत दुसऱ्या शिवारात. कागद टोळीच्या मागे धावायचे. ती आणि तिचा मुलगा, दोघांचा कोर्स त्या वर्षी दसऱ्याच्या आधी संपला. दोघं बरे झाले. तेवढं एक पाडव्यानं साधलं.

एक उलटी गोष्ट मला फार उशिरा समजली. एचआयव्हीच्या रुग्णांचे बेडके पुष्कळदा निगेटिव्ह यायचे, आणि ते क्षयानंच जायचे. मला वाटायचं, प्रतिकारशक्ती कमी म्हणजे जंतू जास्त, मग दिसत का नाहीत? कारण फुफ्फुसाला भगदाड पाडतो तो बराचसा आपल्याच शरीराचा हल्ला. त्या भगदाडात हवा लागते, जंतू बेसुमार वाढतात आणि खोकल्याबरोबर बाहेर येतात. ज्याच्याकडे हल्ला करायला ताकदच नाही, त्याच्या फुफ्फुसाला भगदाड पडत नाही आणि बेडका स्वच्छ दिसतो. एरवी पहारेकऱ्यांपासून लपणारा जंतू इथं पहारेकरीच नाहीत म्हणून माझ्यापासून लपायचा.

माझ्या शेवटच्या वर्षांत यंत्रं आली. आधी सीबीनॅट, दोन तासांत निकाल, जोडीला रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल की नाही तेही. मग ट्रूनॅट, आपल्या गोव्यात बनणारं, बॅटरीवर चालणारं. लोडशेडिंगची भीती नाही. ते जंतू बघत नाही, त्याचं जनुक ओळखतं. माझ्या डोळ्याला हजारो जंतू लागायचे, त्याला शे-दीडशे पुरतात. त्या बाईची जी स्लाइड सुटली, तो बेडका या यंत्रात घातला असता तर त्यानं पकडला असता, याबद्दल मला शंका नाही. आता माझ्या जागी बसणारी मुलगी यंत्रावर बोट ठेवते आणि मध्ये चहा पिऊन येते. मला तिचा हेवा वाटत नाही, बरं वाटतं. तरी उपचार चालू असताना रुग्ण सुधारतोय का हे बघायला सूक्ष्मदर्शक अजून लागतोच, कारण यंत्राला मेलेल्या जंतूचं जनुकही सापडतं. तेव्हा ती काच पुसते, तेलाचा थेंब टाकते. मी एकदा सहज गेले होते तेव्हा तिच्यामागे उभी राहून मनातल्या मनात मोजत होते. तिनं शंभर बघितली.

यंत्रालाही एक गोष्ट करता येत नाही. थुंकीचा बेडका करता येत नाही. म्हणून एवढं लक्षात ठेवा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत. डबी मिळाली की सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरून, उघड्यावर उभे राहून, आतून खोका आणि डबीत बघा. फेस असेल तर पुन्हा खोका. आणि निगेटिव्ह आला पण खोकला राहिलाच, तर परत जा.